सहाशे अकरा फायली

१

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली ती चार बोटं खाली. चार बोटं म्हणजे काही दरी नव्हे. पण मळक्या चादरींची गच्च भरलेली गाडी ओढत, पाठमोऱ्या बाहेर पडणाऱ्या मावशींना तेवढी पुरली. टाच कडेला अडकली, तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातच पडल्या म्हणून उपचार लगेच मिळाले, एवढंच काय ते नशीब.

तिसऱ्या दिवशी अपघाताचा कागद चाळणीबाईंच्या टेबलावर आला. लिफ्ट चालवणारा प्रोग्राम ज्या कचेरीत लिहिला जातो, तिथल्या त्या सर्वांत जुन्या. कचेरी तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, हा विनोद तिथे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावा लागे. बाईंच्या नजरेतून खडा सुटत नाही म्हणून त्यांना चाळणी नाव पडलं होतं. आपण हे नाव घेतो ते बाईंना माहीत नाही असं सगळ्यांना वाटायचं. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

दुपारच्या आत त्यांनी खडा शोधला. लिफ्टमध्ये माणसं-सामान भरलं की दोर किंचित ताणतात. तेव्हा प्रोग्रामने वजन बघून लिफ्ट तेवढीच वर घ्यायची असते. नव्या प्रोग्रामला वजन कायम शून्य दिसत होतं. लिफ्ट रिकामी असली की सगळं ठाकठीक, म्हणून कारखान्यातल्या चाचणीत कोणाला काही कळलं नाही. जुन्या प्रोग्रामात हा दोष नव्हता. आणि जुन्या-नव्याच्या मध्ये एकच गोष्ट घडली होती. साफसफाई.

प्रोग्राम सी भाषेतला, पंचवीस वर्षांत हजारो फायलींचा झालेला. प्रत्येक फायलीच्या डोक्यावर ‘अमुक हेडर आणा, तमुक हेडर आणा’ अशा इन्क्लूडच्या ओळी. हेडर म्हणजे दुसरीकडे लिहून ठेवलेल्या सूचना आणि व्याख्या. ज्याला गरज पडली त्याने हेडर बोलावलं, गरज संपल्यावर कोणी परत पाठवलं नाही. जेवणं होऊन गेली तरी पाहुणे पंगतीत बसलेलेच. यंत्राला मात्र दर वेळी त्या सगळ्यांना वाचत बसावं लागे आणि प्रोग्राम तयार व्हायला उभा दिवस जाई. म्हणून दोन महिन्यांपूर्वी साडेचार हजार निरुपयोगी ओळी काढून टाकल्या होत्या.

“झाडलं कोणी?” साहेबांनी विचारलं.

“मी आणि धाकटीने. हेडरांची यादी अर्धी-अर्धी वाटून घेतली होती.”

“शेवटचं कोणी टाकलं?”

बाईंनी नोंदवही पडद्यावर उघडली. ज्याने त्याने आपलं काम मुख्य प्रोग्रामात मिसळल्याची वेळ आणि नाव यंत्र आपोआप लिहून ठेवायचं. चार वाजून बावन्न मिनिटं. धाकटी.

“आणि आपला नियम काय? शेवटी टाकेल त्याने भट्टी पेटवायची. पेटवली नाही तिने. प्रश्न मिटला.” साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना प्रश्न मिटवायची घाई असायची. “दवाखान्याला उत्तर द्यायचंय मला. उद्या संध्याकाळी तिला पत्र देतो. कामावरून कमी.”

“पण साहेब, चिठ्ठी लागलीय ना बोर्डावर. हिरवी.”

साहेबांनी मान वळवली. दाराशेजारच्या बोर्डावर, टाचणीला, दोन महिन्यांपूर्वीची हिरवी चिठ्ठी अजून लटकत होती. ‘तपासलेल्या फायली ६११. फरक नाही.’ खाली त्या दिवसाची तारीख.

फरक नाही, असं यंत्र सांगत होतं. आणि एक बाई खुबा मोडून पडली होती. दोन्ही खरं कसं असेल?

२

भट्टी म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतलं मोठं यंत्र. प्रोग्राम तिथे शिजतो. साफसफाईच्या वेळी तिला एक वेगळं काम दिलं होतं: ज्या फायलींना हात लागला त्या जुन्या रूपात आणि नव्या रूपात, दोन्हीकडून शिजवायच्या आणि निघालेला माल अक्षर न अक्षर ताडून बघायचा. तिळाएवढा फरक असेल तर लाल चिठ्ठी, नसेल तर हिरवी. या तपासणीला सहा तास लागत.

भट्टीवाला पंख्यासमोर बसून घाम पुसत होता. पंचेचाळिशीचा, बोलका माणूस. आज तो बोलायच्या आधीच पडेल चेहऱ्याने उठून उभा राहिला.

“बाई, माझंच चुकलं.”

“काय चुकलं?”

“चिठ्ठी मी लावली. छापून निघाली, हिरवी दिसली, लावली. वाचली नाही. मी वाचायला हवी होती.”

“वाचून काय दिसलं असतं?”

“ते नाही माहीत,” तो म्हणाला. “पण वाचायला हवी होती.”

बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यांनी विचारलं, चिठ्ठी बदलता येते का, खोटी छापता येते का? तो दुखावला. भट्टीचा कागद हिरवा-लाल तिच्या पोटातूनच येतो, आणि किल्ली त्याच्या कमरेला. खोटं बोलणारा माणूस आधी माफी मागत नाही, असं बाईंनी मनाशी टिपून ठेवलं.

“किती वाजता लावलीत?”

“मी सहाला घरी जातो. जाताना लावली.” मग तो जरा घुटमळला. “बाई, त्या खिडकीची कडी तेवढी… मागे बोललो होतो. पाऊस आला की पाणी थेट यंत्राच्या वायरींवर.”

“हो हो, मी बघते,” बाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

३

धाकटी वयाने चौतीस वर्षांची होती. सगळ्यांत शेवटी आली म्हणून धाकटी. गेल्या दोन महिन्यांत तिचे वडील गेले होते आणि आई तिच्याकडे राहायला आली होती. समोर बसली तेव्हा तिने हात टेबलाखाली ठेवले.

“तुझी पद्धत सांग मला,” बाई म्हणाल्या.

“एकेक ओळ काढायची, माल ताडून बघायचा. फरक नसेल तरच पुढची. वहीत सगळं लिहिलंय, ताई.” तिने वही पुढे केली. नीटनेटकी. बाईंनीच शिकवलेली पद्धत.

“आणि शेवटची तपासणी? दोघींचं काम एकत्र झाल्यावरची?”

धाकटीने वही टेबलाच्या कडेशी सरळ लावली.

“भट्टी का पेटवली नाहीस? एक बटण दाबायचं असतं.”

“राहिलं, ताई.”

“राहिलं म्हणजे?”

“राहून गेलं. माझी जबाबदारी होती. साहेब देतील ते पत्र घेईन मी.”

तिने हे बाईंच्या डोळ्यांत न बघता म्हटलं. बाईंनी आजवर शेकडो दोष शोधले होते. यंत्रातला दोष कधी नजर चुकवत नाही. माणूस चुकवतो, आणि तोही बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी. ही कोणाला तरी पाठीशी घालतेय. कोणाला? भट्टीवाल्याला? तो तर स्वतःच कबुली देत सुटलाय. बाईंना थोडा रागही आला. मला सांगायला काय हरकत आहे हिला? मी काय परकी आहे?

४

राहिले थोरले. प्रोग्रामचा पाया त्यांनी घातला. निवृत्त होऊन आता ते घरी कुंड्यांना पाणी घालतात. बाईंनी फोन केला. वजन वाचणाऱ्या फायलीच्या डोक्यावरून दोन हेडरं गेली होती. एक धाकटीने काढलं होतं, एक बाईंनी. दोन्ही थोरल्यांच्या हातची.

“सर, त्या दोन हेडरांत आहे काय?”

पलीकडे नळाचा आवाज येत होता, तो बंद झाला.

“एक सूचना आहे. ‘इथून पुढे सामान दाटीवाटीने लावा.’ जुन्या यंत्रात जागा कमी होती ना. काम झालं की ‘आता पुरे’ अशी दुसरी सूचना लिहायची असते. ती मी लिहायला विसरलो. दुसरं हेडर पहिल्यावरून उतरवून घेतलं, त्यात तीच चूक उतरली. पुढे लक्षात आलं, पण चालत होतं म्हणून हात लावला नाही.” त्यांचा आवाज खाली गेला. “कोणाला लागलं का गं?”

“एका बाईंना, सर.”

“मग दोष माझा. तसं लिहून दे. मला आता कोण कामावरून काढणार?”

तिसरी कबुली. रहस्यकथांमध्ये संशयित कानांवर हात ठेवतात. इथे जो तो दोष घ्यायला रांगेत उभा होता.

फोन ठेवला आणि बाईंना लख्ख दिसलं. प्रोग्रामचा एक भाग वजन लिहून ठेवतो, दुसरा ते वाचतो. आकडे ठेवायचे डबे दोघांनी दाटीवाटीने लावले असतील तर वजनाचा, समजा तिसरा, डबा दोघांचाही एकच. पण एकाने मध्ये जागा सोडून लावले, तर तिसरा डबा म्हणून त्याच्या हाती भलताच, रिकामा डबा येणार. दाटीवाटीची सूचना त्या फायलीला दोन हेडरांतून मिळत होती. एक काढलं तर दुसरं होतंच, फरक शून्य. दुसरंच काढलं तर पहिलं होतं, फरक शून्य. धाकटीने एक काढलं आणि तिचं बरोबर निघालं. बाईंनी दुसरं काढलं, त्यांचंही बरोबर निघालं. दोघींची बेरीज मात्र चुकीची होती, आणि ती फक्त शेवटच्या तपासणीत दिसली असती.

म्हणजे बोर्डावरची चिठ्ठी खोटी नव्हती. ती बेरजेची नव्हतीच. तपासणीला लागतात सहा तास. चार बावन्नला मिसळलेल्या कामाची चिठ्ठी सहा वाजता बोर्डावर लागेलच कशी? ती दोघींपैकी एकीच्या अर्ध्या कामाची होती, दुपारी छापून पडलेली. धाकटीची असणार. बाईंनी तिची वही उघडली. शेवटच्या पानावर आकडा होता: पाचशे अठ्ठेचाळीस.

सहाशे अकरा नव्हे.

बाईंनी आपल्या खणातून स्वतःची वही काढली. शेवटचं पान. त्यांच्याच वळणदार अक्षरात: एकूण फायली, सहाशे अकरा.

बरं, चिठ्ठी माझी, त्यांनी स्वतःला समजावलं. माझं अर्धं काम बरोबर होतं, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी टाकलं धाकटीने. पण आता चैन पडेना. त्या खाली जाऊन रखवालदाराकडे बसल्या आणि त्या तारखेचं जाण्या-येण्याचं रजिस्टर मागितलं. धाकटीची सही होती. बाहेर जाण्याची वेळ: चार पस्तीस.

काम मिसळलं गेलं चार बावन्नला, तिच्या नावाने, तिच्या टेबलावरून. तेव्हा ती रस्त्यावर होती. मग तिच्या खुर्चीत कोण बसलं होतं?

५

हा प्रश्न घेऊन बाई घरी आल्या. नवरा स्वयंपाकघरात गुडघे टेकून, हातात पाना घेऊन बसला होता. फरशीवर पाणी.

“हे काय?”

“नळ. तीन आठवडे गळतोय.”

“अहो, मी बघते म्हटलं होतं ना.”

“म्हटलं होतंस की.” त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, जुनी सवयीची थट्टा होती. “तू ‘मी बघते’ म्हणालीस की मी पाना शोधायला लागतो. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शिकलोय. तू अगदी मनापासून म्हणतेस, त्यामुळे समोरचा निर्धास्त होतो. आणि तूही होतेस.”

बाई ओल्या फरशीवर तशाच उभ्या राहिल्या.

भट्टीच्या खिडकीची कडी. आजही तेच म्हटलं होतं. आणि त्याआधी एकदा, धाकटीच्या टेबलापाशी उभं राहून. फोन आला होता तिला. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती म्हणत होती, एवढं मिसळून जाते, ताई, भट्टी पेटवून जाते. बाईंनी तिच्या खांद्यावरची पर्स नीट केली होती. “वेडी आहेस का? तू जा. मी बघते.”

मग आठवणीचं दार उघडलंच. त्या तिच्या खुर्चीत बसल्या होत्या. काम मिसळून झालं होतं. भट्टीचं बटण दाबायला हात पुढे गेला आणि साहेबांनी हाक मारली: बाई, या इकडे, सगळे थांबलेत! साहेबांच्या खोलीत माणसं जमली होती. साडेचार हजार ओळी गेल्या, दिवसभराचं काम दोन तासांवर आलं, हे सगळं बाईंच्या पद्धतीमुळे, असं साहेब सर्वांसमोर म्हणाले. टाळ्या झाल्या. बाहेर आल्या तेव्हा सव्वासहा वाजले होते आणि बोर्डावर हिरवी चिठ्ठी दिसत होती. त्यांना किती बरं वाटलं होतं! चला, तपासणीही झाली. सहा तास लागणारी तपासणी सव्वा तासात कशी होईल, हा प्रश्न कचेरीतल्या दुसऱ्या कोणाला नाही पण चाळणीला तरी पडायला हवा होता. तेव्हा तर कानांत टाळ्या होत्या.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“मी सापडले,” बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

६

सकाळी धाकटी यायच्या आधीच त्या तिच्या टेबलाशी जाऊन बसल्या, तिच्याच खुर्चीत. धाकटी आली, त्यांना तिथे बघून दारातच थबकली आणि समजली.

“का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार, ताई.” तिने पर्स टेबलावर ठेवली. “मी साडेपाचला पोचले. बाबा शुद्धीवर होते. माझ्याशी बोलले, आईला जप म्हणाले. आठ वाजता गेले. भट्टी पेटवून निघाले असते तर पुढची गाडी मिळाली असती, आणि ती तीन तासांनी होती. तुम्ही मला ते अडीच तास दिलेत. मी तुमचं नाव सांगू?”

बाईंना वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

“एक मिनिटाचं बटण होतं गं,” त्या म्हणाल्या. “तू गेलीस त्यात काही चुकलं नाही. तुला जा म्हणाले त्यातही नाही. पुढचं एक मिनिट माझं होतं. ते मी टाळ्या ऐकण्यात घालवलं.”

साहेबांना त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं: चिठ्ठीवरचा आकडा, सहा तास, रजिस्टरमधली वेळ, खुर्ची. साहेबांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. थोरल्यांच्या चुकीमुळे झालं असं लिहू, ते म्हणाले, त्यांचं काही बिघडत नाही.

“बिघडतं, साहेब. ते आजही कुंड्यांशेजारी बसून तेच घोकत असतील. त्यांची चूक पंचवीस वर्षं कोणाला लागली नव्हती. ती ज्यांत होती, ती दोन्ही हेडरं आम्ही काढली, आणि बघायचं मी विसरले. दवाखान्याला माझं नाव कळवा. तिचं पत्र फाडा. माझं टाईप करा.”

साहेबांनी पत्र फाडलं. बाईंचं टाईप करायला मात्र त्यांचा हात धजेना. म्हणून ते बाईंनी स्वतःच टाईप करून त्यांच्यापुढे ठेवलं. दोन महिने मुदतीचं. तेवढ्यात प्रत्येक लिफ्टमध्ये दुरुस्त प्रोग्राम घालून द्यायचा होता, आणि भट्टी कोणाच्या शब्दावर न राहता आपोआप पेटेल असं करायचं होतं. निघताना त्यांनी बोर्डावरची चिठ्ठी काढून वहीत ठेवली. मग तळमजल्यावर जाऊन खिडकीची कडी बसवली. भट्टीवाला नको नको म्हणत असताना बसवली.

रविवारी त्या मावशींच्या घरी गेल्या. पहिल्याच खोलीत खाट होती. मावशी उशीला टेकून वाटाणे सोलत होत्या. पाय फळीला बांधलेला.

बाईंनी आपण कोण ते सांगायच्या आतच मावशी बोलू लागल्या. “दवाखान्यातून आलात ना? तुम्ही कशाला त्रास घेतलात. चूक माझीच हो. पाठमोरी निघाले. बावीस वर्षं त्याच लिफ्टमधून गाडी ओढतेय, कधी अडखळले नाही. आता डोळे गेले, पायातला अंदाज गेला. सून म्हणते, पुरे झालं, आता घरीच बसा. खरंय तिचं.”

“मावशी,” बाई म्हणाल्या, “लिफ्ट चार बोटं खाली थांबली होती.”

“हं?”

“तुमचे डोळे नीट आहेत. पायही नीट आहेत. लिफ्ट चुकीची थांबली. ती बरोबर थांबते का, हे बघायचं काम माझं होतं आणि मी बघितलं नाही. मी माफी मागायला आलेय.”

मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. रागावतील, रडतील, काहीही करतील, बाई सगळ्याला तयार होऊन बसल्या होत्या. मावशींचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला. एवढी मोडलेली बाई, पण तिला आनंद झाला होता, आणि तो बघणं बाईंना सगळ्यांत जड गेलं.

“म्हणजे मी नाही चुकले?”

“नाही, मावशी.”

“अगं ए!” मावशींनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. “इकडे ये आधी. ऐक या काय म्हणतायत. माझं काही चुकलं नव्हतं.” मग त्या बाईंकडे वळल्या. “तिला सांगा बरं. मला म्हणालात ना, तसंच सांगा.”

सून हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बाईंनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.